नांगर घडवणारा सायकलवाला

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड नावाचा एक रस्ता आहे. बाजाराला आलेला शेतकरी त्या रस्त्याने जातो, सामान घेतो आणि परत फिरतो. पण या रस्त्याला हे नाव कोणा राजावरून किंवा पुढाऱ्यावरून पडलेले नाही. ते पडले दोन भावांच्या एका दुकानावरून. १८८८ साली सुरू झालेले हे दुकान सायकलींचे होते. या साध्या दुकानातून पुढे जे निघाले, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या हजारो शेतांपर्यंत पोचले. म्हणून या दुकानाच्या धाकट्या मालकाची, लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत शेतकऱ्याच्या घरात सांगितली गेली पाहिजे.

किर्लोस्कर हे नाव आज मोठ्या कारखान्यांशी जोडलेले आहे. त्यामुळे हा माणूस जन्मापासून पैशात लोळला असेल असे तरुण पिढीला वाटते. खरी गोष्ट अगदी उलट आहे.

चित्रकार व्हायचे राहून गेले

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचा व्यासंग असलेले गृहस्थ होते. घरात विद्या होती, पैसा बेताचाच होता.

शाळेच्या पुस्तकांत या मुलाचे मन रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढायचा आणि दुसरा यंत्रे उकलून पाहायचा. अशा मुलाला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

तिथे नशिबाने पहिला धक्का दिला. त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही, असे ध्यानात आले. डोळ्यांचा हा दोष जन्मजात असतो आणि औषधाने जात नाही. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हायचे?

दुसरा एखादा मुलगा पेटी उचलून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी वेगळा विचार केला. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. लागते ती सरळ रेघ, अचूक माप आणि स्थिर हात. त्यांनी यंत्ररेखन शिकून घेतले आणि त्याच ज्ञानावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. फावला वेळ ते तिथल्या कारखान्यात घालवत. यंत्र कसे चालते, कुठे घासते, का बिघडते, हे हात काळे करून शिकत. ही शिकवणी कोणत्याही पदवीत मोजली जात नव्हती, पण आयुष्यभर पुरली.

दोन भावांचे दुकान

त्या काळी सायकल ही मोठी नवलाईची चीज होती. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे, अशा जुन्या सायकलीची सद्दी संपत आली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल १८८५ साली इंग्लंडात बाजारात आली. हवा भरलेली रबरी धाव तिला १८८८ नंतर मिळू लागली. हिंदुस्थानात सायकल वापरत ते साहेब लोक आणि एखादे धनिक.

लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल पाहिली आणि हा धंदा आपल्या मुलखात चालेल हे हेरले. ते मुंबईहून सायकली घेऊन पाठवत आणि रामुअण्णा त्या बेळगावला विकत. नुसती सायकल विकून भागत नसे, घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवावी लागे. रामुअण्णा तेही काम करत. दुकानाला नाव दिले ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. एक भाऊ शहरात माल निवडतो, दुसरा गावात गिऱ्हाईक सांभाळतो. एकमेकांच्या हिशेबावर पूर्ण विश्वास. वाटण्यांवरून भांडणारी घरे आपण पाहतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगायची.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना पुढे बढती मिळायला हवी होती. त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, चंबूगबाळे आवरले आणि बेळगाव गाठले. पगाराची खात्री सोडून ते भावाच्या शेजारी दुकानात उभे राहिले. पत्नी राधाबाईंनी या साऱ्या धकाधकीच्या संसारात साथ दिली. महिनाअखेरीला ठरलेला पगार येणे बंद झाले, की घरातल्या बाईला काय काय सांभाळावे लागते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

कडबा कापणारे यंत्र

सायकल विकत असताना लक्ष्मणरावांच्या मनात एक गोष्ट घोळत होती. साहेबाने बनवलेला माल विकण्यापेक्षा आपल्या लोकांच्या उपयोगाची वस्तू आपणच का बनवू नये? आणि आपले लोक म्हणजे कोण? बहुतेक शेतकरीच. परदेशी शेती-अवजारांची माहितीपत्रके आणि मासिके मागवून ते त्यांतली चित्रे बारकाईने पाहत. चित्र पाहून यंत्र समजण्याची कला मुंबईत शिकलेली होतीच.

त्यांनी पहिल्याने कडबा कापण्याचे यंत्र हाती घेतले. जनावराला अख्खा कडबा टाकला, तर ते पाला खाते आणि बुडखा तुडवून नासाडी करते. तोच कडबा बारीक कापून दिला, तर वाया जाणे कमी होते. दुष्काळी मुलखात एवढी बचत म्हणजे बैल दावणीला राहणे किंवा बाजाराला जाणे यांतला फरक. सायकलीच्या दुकानदाराने पहिले यंत्र शोधले ते दावणीसाठी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चाळीस नांगर आणि दोन वर्षे

त्यानंतर आला लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमाराला लक्ष्मणरावांनी विलायती नांगराच्या धर्तीवर आपला नांगर तयार केला.

लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलटवत नाही. तो तास पाडत पुढे जातो आणि दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी राहते. लोखंडी नांगराला फाळामागे वळलेला पंख असतो. फाळ जमीन कापतो आणि पंख ती कापलेली माती उचलून कुशीवर पालथी घालतो. खालची माती वर येते, वरचे तण खाली गाडले जाते. हरळी आणि कुंदा यांची मुळे उघडी पडून चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळतात. काळ्या जमिनीत हरळी शिरली की एकेकाळी आठ-आठ बैल जुंपून अवजड लाकडी नांगर ओढावा लागे, नाही तर कुदळीने खणून मुळ्या वेचाव्या लागत. घरातली म्हातारी माणसेसुद्धा त्या कामाला लागत.

मग एवढे उपयोगी अवजार शेतकऱ्यांनी हातोहात उचलले असेल ना? नाही. पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षे लागली!

लोखंडाने जमिनीला विष चढते, काळी आई नासते, असा समज होता. आज आपल्याला त्याचे हसू येईल. पण हसण्याआधी त्या शेतकऱ्याची बाजूही पाहू. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. त्याला रोख पैसा लागत नसे, सुगीला धान्याचे माप घातले की झाले. मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त. लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम मोजायची, तो ओढायला चांगली बैलजोडी हवी, आणि ऐन हंगामात मोडला तर सुटा भाग आणायचा कुठून? ज्याचे वर्ष एका पावसावर अवलंबून असते, तो माणूस न पाहिलेल्या वस्तूवर घर पणाला लावत नाही. तो शेतकरी मूर्ख नव्हता, सावध होता.

लक्ष्मणरावांचे मोठेपण इथे दिसते. त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवले नाही आणि नांगर भंगारात घालून पुन्हा नुसत्या सायकलीही विकत बसले नाहीत. दुकानात नांगर धूळ खात पडले होते, त्यांत पैसा अडकला होता. तरी ते थांबले.

नांगर वापरणाऱ्यांकडून पुढे तक्रारही आली. फाळाचे टोक विलायती फाळाइतके टणक नव्हते, ते लवकर झिजे. गिऱ्हाइकाची तक्रार म्हणजे फुकटची शिकवणी, असे मानणारा हा दुकानदार होता. त्यांनी त्या टणकपणाचे मर्म शोधले. ओतीव लोखंडाचा रस नुसत्या वाळूच्या साच्यात ओतला, तर तो सावकाश थंड होतो. पण जिथे धार हवी तिथे साच्यात लोखंडाचा तुकडा बसवला, तर रस तिथे चटकन गोठतो आणि तेवढाच भाग पांढरा व अतिशय कठीण होतो. बाकीचा फाळ त्या मानाने मऊ राहतो, म्हणून ठोकर सोसतो. लक्ष्मणरावांनी फाळ सुधारला आणि नांगराला हळूहळू मागणी येऊ लागली. एकाच्या रानातली स्वच्छ नांगरट पाहून शेजारी विचारू लागला. शेतकऱ्याला दुसऱ्या शेतकऱ्याचे रान जे पटवते, ते कोणतीही जाहिरात पटवू शकत नाही.

बिऱ्हाड उचलायची पाळी

धंद्याला बरे दिवस येतात न येतात तोच संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. यंत्रे, भट्टी, कामगार हे सारे घेऊन जायचे कुठे? दुसरीकडे जागा घ्यायला पैसा नव्हता.

अशा वेळी धावून आले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रकार असणारे हे राजे. लक्ष्मणरावांनी त्यांच्यासाठी औंधला सभामंडपाचे काम करून दिले होते, त्या निमित्ताने माणसाची पारख झाली होती. त्यांनी आपल्या संस्थानातल्या कुंडल गावाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. चोख काम हेच लक्ष्मणरावांचे तारण ठरले.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव कुंडल रोड स्टेशनवर आले. समोर होता निवडुंगाने भरलेला ओसाड माळ. प्यायला पाण्याची वानवा, सापांचा सुळसुळाट. पावसाळा तीन महिन्यांवर आलेला आणि डोक्यावर छप्पर नाही. सोबत होते मूठभर कामगार आणि त्यांची बायकामुले.

त्या माळावर या माणसांनी वसवलेली वस्ती म्हणजे किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. रेल्वेने पुढे स्टेशनचे नावच बदलले आणि कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झाले. कारखान्याभोवती कामगारांची घरे, रस्ते, शाळा, पाणी अशी नीट आखून वसवलेली ही वसाहत आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. वसाहत उभारण्याची आणि राखण्याची जबाबदारी सांभाळली ती रामुअण्णांनी. सायकल शिकवणारा थोरला भाऊ इथेही धाकट्याच्या शेजारी होता.

माणसे घडवणारा माणूस

लक्ष्मणरावांचा दुसरा गुण म्हणजे माणसांची पारख. किर्लोस्करवाडीत जी माणसे पुढे आली, त्यांतल्या कित्येकांना जगाने नापास ठरवले होते. कोणी शाळा सोडलेला, कोणी धंद्यात बुडालेला. शिक्षा भोगलेल्या माणसांनाही त्यांनी राखणदारीच्या कामावर ठेवले. ज्याच्यापासून मालमत्ता राखायची त्याच्याच हाती ती सोपवायची, याला छाती लागते. पण विश्वास टाकलेला माणूस सहसा विश्वासाला जागतो, असा त्यांचा अनुभव होता. स्वतः चित्रकलेतून बाहेर पडावे लागलेल्या माणसाला नापास या शब्दाची भीती उरली नसावी.

जातीपातीच्या भिंती त्या काळी फार कडक होत्या. लक्ष्मणरावांना अस्पृश्यता मान्य नव्हती. भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे काम पाहायचे, जात पाहायची नाही, ही त्यांची रीत.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येणे आटले आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा मिळेना. भट्टी चालवायला लाकूड जाळायची पाळी आली. त्या काळातली एक आठवण आमच्या भागात अभिमानाने सांगतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या, निकामी तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने माणसे मारली, तेच लोखंड अन्न पिकवायला लागले.

घरोघरी पोचलेला पसारा

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही भागीदारांची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. कारखान्याच्या गिऱ्हाइकांना माहिती द्यावी, या साध्या हेतूने ते सुरू झाले आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ते वाढवले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके आली. माळरानावरच्या नांगराच्या कारखान्यातून मराठी घरातल्या बायकांसाठी मासिक निघावे, ही गोष्ट जगात फार ठिकाणी घडली नसेल.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप अशी एकेक वस्तू येत गेली. लोखंडी चरकाने लाकडी घाण्यापेक्षा उसाचा रस जास्त निघे. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतला आणि कारखान्यात रुजू झाला. पुढे १९४१ साली हरिहरला आणि १९४६ साली पुण्याला व बंगलोरला नवे कारखाने निघाले. पुण्याच्या कारखान्यातली तेलावरची इंजिने विहिरींवर बसली आणि गावोगावची मोट थांबू लागली. मोटेचा नाडा ओढत धावेवरून दिवसभर येरझारा घालणाऱ्या बैलांना आणि पहाटे तीनला उठणाऱ्या मोटकऱ्याला त्या इंजिनाने काय दिले, ते ज्यांनी मोट हाकली त्यांनाच विचारावे.

म्हातारपणी पाहिलेली आग

आयुष्याच्या शेवटी एक मोठा घाव सोसावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत महाराष्ट्रात अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि दुकाने जाळली गेली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीत सापडला. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंग तोडून जे उभे केले, त्याची राखरांगोळी झालेली त्यांना या वयात ऐकावी लागली.

त्या आगीत कोणाचे काय साधले? कारखान्यावर पोट असलेले कामगार सगळ्या जातींचे होते. चूल विझली ती त्यांच्याही घरची. या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने अजूनही शांतपणे शोधावे असे आहे. कारखाना मात्र राखेतून पुन्हा उभा राहिला. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. २० जून १९६९ रोजी, जन्माला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपण काय घ्यावे

शेतकरी बंधुभगिनींनो, लक्ष्मणरावांसारखा कारखाना प्रत्येकाला काढता येणार नाही. पण त्यांच्या आयुष्यातून घरी न्यायच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट मुलांबद्दल. तुमचा मुलगा किंवा मुलगी पुस्तकात मागे असेल आणि पंप, मोटार किंवा शिलाई यंत्र खोलून बसत असेल, तर लगेच हात उगारू नका. त्याला एखादा रामुअण्णा लागतो. तो घरातच भेटला तर उत्तम.

दुसरी गोष्ट धंद्याबद्दल. गावात कोणी दुकान टाकत असेल, रोपवाटिका काढत असेल, अवजारे दुरुस्त करत असेल, तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे की पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षे लागली होती. त्या दोन वर्षांत ज्याने गिऱ्हाइकाला दोष दिला नाही आणि तक्रार आल्यावर माल सुधारला, तोच टिकला.

तिसरी गोष्ट आपल्या सावधपणाबद्दल. नवी वस्तू आली, की ती घेण्याआधी दुसऱ्याच्या रानात चालताना पाहावी, मोडली तर दुरुस्त कोण करील ते विचारावे. आपल्या आजोबांनी तेच केले. पण पाहून, तपासून, चांगली ठरलेली वस्तू केवळ नवी आहे म्हणून नाकारू नये. नाही तर हरळी वेचण्यात जन्म जातो.

शेवटी एक विनंती. आज बहुतेक गावांत नांगरट ट्रॅक्टरने होते. लोखंडी नांगर गोठ्याच्या मागे गंजत पडले आहेत किंवा भंगारात गेले आहेत. तुमच्या घरी ऐंशीच्या घरातले आजोबा किंवा आजी असतील, तर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. आपल्या गावात पहिला लोखंडी नांगर कोणाच्या घरी आला, तो ओढायला किती बैल जुंपत, पहिले इंजिन कोणत्या विहिरीवर बसले आणि मोट कधी थांबली, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ज्या कारागिरांनी आणि दुकानदारांनी आपले कष्ट हलके केले, त्यांची नावे त्या वहीत आपोआप येतील. त्यांत तुमच्या गावचा लोहार असेल, सुतार असेल, इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री असेल. त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले नाही. निदान आपल्या वहीत तरी त्यांना जागा मिळू द्या.